बॅरीच्या सहा धावा

पॅरामॅटा, २९ मार्च २०२०

ती. शुभदाताईस,
विश्रामचा साष्टांग नमस्कार, कान धरून.

गुत्ता म्हणू नकोस हे तुला आता चौथ्यांदा सांगतोय. इथे पबलाच हॉटेल म्हणतात, पाटीवर तसंच लिहिलंय. शेजारच्या काकूंना तू भाऊ हॉटेलात आहे असं सांगितलंस ते खरंच आहे, त्यात लाजायचं काय? आणि फोनवर तू चढ्या आवाजात बोलतेस, मीही बोलतो, मग दोन महिने अबोला. म्हणून कागदावर लिहितोय. पोस्ट बंद आहे, तेव्हा फोटो काढून तुझ्या मयूराच्या फोनवर टाकतो. तिने मामाच्या अक्षरावरून हसायचं नाही.

गेल्या सोमवारपासून सरकारने सगळे पब बंद केले. आमचा पब खेळाच्या नादाचा. भिंतीवर सात टीव्ही, शनिवारी उभं राहायला जागा नसायची. आता सातही काळे. मालकीण मॉरीन साठीची आहे, तरुणपणी नेटबॉलची अंपायर होती. रात्री बंद करताना अजून शिट्टी मारते आणि सहा फुटी गडी मुकाट ग्लास ठेवून निघतात. आमचं रोजचं गिऱ्हाइक टोआ हा सामोआ बेटांवरचा, बस चालवतो. खुर्चीत मावत नाही, पण आपली टीम हरली की लहान पोरासारखा रुसतो. तिसरा डेस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, रेल्वेतून रिटायर. चाळीस वर्षं इथल्या क्रिकेट क्लबचा स्कोअरर. तो पबच्या वरच राहतो, माझ्या शेजारच्या खोलीत.

किचन बंद म्हणजे माझा पगार बंद. व्हिसावाल्यांना सरकार काही देत नाही. मॉरीनने खोलीचं भाडं माफ केलंय, बदल्यात मी तिचं आणि डेसचं जेवण करतो. म्हणून या महिन्यात पैसे नाहीत. काळजी करू नकोस, म्हणजे करशीलच.

राग निम्मा उतरला की उत्तर लिही.
तुझा
विश्राम


तासगाव, १० एप्रिल २०२०

चि. विश्रामास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र मिळालं. मयूरा हसली नाही, पण तुझा ‘म’ ‘भ’सारखा दिसतो हे तिने मला दाखवलं. दहावीच्या गणिताच्या पेपराला दांडी मारून कवठ्याला टेनिस बॉलची मॅच खेळायला गेला नसतास, तर आज हे पाहावं लागलं नसतं. हे मी मरेपर्यंत बोलणार, तू ऐकून घे.

पैशांचं राहू दे. माझं म्हणणं एवढंच, की तू परत ये. बेकरीत चार महिने, गॅरेजमध्ये सहा, गोव्याला एक सीझन, मग मस्कत, मग त्या पंजाबी माणसाचं रेस्टॉरंट. तुझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. आता सगळं जग घरी बसलंय तर तूही घरी बस. तुझ्या दाजींनी कोल्ड स्टोरेजमध्ये शब्द टाकलाय. बेदाण्याच्या पेट्यांची नोंद ठेवायची, बसून काम.

माझी अंगणवाडी बंद आहे. पोरांचा चणाडाळीचा शिधा घरोघर पोचवावा लागतो आणि कुणाला ताप आहे का ते विचारावं लागतं. लोक दारं लावून घेतात. तीन वस्त्या माझ्याकडे आहेत. मास्कमध्ये चष्म्यावर वाफ येते, त्यामुळे परवा मी एका म्हशीलाच हात जोडले.

मॉरीनबाईंना माझा नमस्कार सांग. भाडं माफ करणारी बाई वाईट नसावी.
माया आहे तेवढी सगळी पाठवते, जपून वापर.
शुभदाताई


पॅरामॅटा, ३ मे २०२०

ती. ताईस,
म्हशीसकट सर्वांना नमस्कार.

आता जे लिहितोय ते बसून वाच. मी दर शनिवारी लोकांना पुस्तक वाचून दाखवतो.

खोटं नाही. झालं असं, की टीव्हीवर जुन्या मॅच बघून सगळे कंटाळले. टोआ फोन करून रोज रडगाणं गायचा. डेसच्या खोलीत ट्रंकभर स्कोअरबुकं आहेत, क्लबच्या एकेका मॅचची, बॉल टू बॉल. त्याची नजर गेलीय, स्वतःचीच पेन्सिल त्याला दिसत नाही. एकदा चहा द्यायला गेलो तर तो पान नाकाला लावून बसला होता. मी सहज उभ्या उभ्या वाचलं. टिंब, टिंब, चार, टिंब, एक, आउट. डेसने विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. मी म्हटलं, ज्या मॅचला मी पेपर बुडवून गेलो, तिथे. त्यात इंग्रजी लागतच नाही ताई, धावांना आकडे आणि कोऱ्या बॉलला टिंब.

तर आता शनिवारी दुपारी तीनला मॉरीन पबचा फोन काउंटरवर ठेवते, वीसेक गिऱ्हाइकं आपापल्या घरून जोडली जातात आणि मी सत्तर-ऐंशी सालातली मॅच पहिल्या बॉलपासून वाचतो. मधे डेस सांगतो, त्या दिवशी वारा कुठला होता, कोण उंच, कोण रडका. लोक पैजा लावतात! निकाल लागून चाळीस वर्षं झालीत, पण आठवतो कुणाला? माझा उच्चार ऐकून आधी हसायचे. आता उशीर झाला तर टोआ ओरडतो की बोलर थांबलाय, रनअपवर ये.

दाजींना म्हणावं, पेट्यांची नोंद सध्या नको. बघू पुढे.

कौतुक वाटलं तर लपवू नकोस.
विश्राम


तासगाव, २४ मे २०२०

चि. विश्रामास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दाजींनाही वाचून दाखवलं. कौतुक वाटलं, लपवत नाही. पण कौतुकावर पोट भरत नाही.

बिनपगाराचा किती दिवस राहशील? तिकडे आजारी पडलास तर पाणी कोण देईल? आता सरकार तिकडून विमानं सोडतंय. तिकीट महाग आहे हे मला ठाऊक आहे. माझा भिशीचा नंबर लागला, म्हणून तुझ्या इथल्या खात्यात नव्वद हजार भरलेत. ते दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत. तिकीट काढायचं, चौदा दिवस कुठे कोंडतील तिथे कोंडून घ्यायचं आणि घरी यायचं. तुझी माळ्यावरची खोली मी झाडून घेतलीय.

मी आईच्या जागी सांगतेय. ऐकलंस तर बरं वाटेल, नाही ऐकलंस तरी माझा भाऊच राहशील, दुसरा आणू कुठून?
ताई


पॅरामॅटा, ७ जून २०२०

ती. ताईस,
नमस्कार. यावेळी तूच जिंकलीस.

मी येतोय. इथलं मी माझ्या हातानेच बिघडवलं.

मॉरीनचा नवरा बॅरी सहा वर्षांपूर्वी वारला. पब दोघांचा. काउंटरच्या वर त्याची बॅट टांगलीय, खाली पितळी पट्टी. १९८१ ची फायनल, बॅरीच्या शंभर धावा. नवा माणूस आला की त्याला आधी ती बॅट दाखवतात, मग बिअर. सरकारने पब उघडायला परवानगी दिली, रग्बीही सुरू झाली, म्हणून ३० तारखेचा शनिवार वाचनाचा शेवटचा. टोआने हट्ट धरला की शेवटी बॅरीचीच फायनल हवी. डेस म्हणाला, ते पुस्तक सापडत नाही. मी अतिशहाणा. ट्रंकेच्या तळाला, वर्तमानपत्रात बांधलेलं, मी शोधून काढलं.

वाचायला लागलो तेव्हा डेस माझ्याकडे बघून हात हलवत होता. मला वाटलं, मोठ्याने वाच म्हणतोय. मी आवाज वाढवला. बॅरी ऐंशीवर गेला, नव्वदीत गेला, फोनवर सगळे ओरडायला लागले. चौकार, चौऱ्याण्णव. टिंब. पुढच्या घरात लिहिलेलं वाचलं, क्लीन बोल्ड. आणि मी मूर्खासारखा बेरीजही मोठ्याने करून सांगितली.

ताई, फोनवरच्या वीस माणसांनी ते ऐकलं, बॅरीच्या शंभर झाल्याच नव्हत्या, सहा कमी होत्या. डेसने ही गोष्ट चाळीस वर्षं पोटात ठेवली होती. मॉरीनने फोन ठेवला आणि वर गेली. आठवडा झाला, कामापुरतंच बोलते. पब उघडलाय, पन्नास माणसांची परवानगी आहे, पण बॅटीकडे कुणी बघत नाही आणि माझ्याकडेही नाही.

मॉरीनने मला काढून टाकायच्या आधी मीच जातो. उद्या एजंटाला फोन करतो. खोली झाडलीयस ते बरं केलंस.

आल्यावर गणिताचा पेपर काढू नकोस, एवढी दया असू दे.
विश्राम


तासगाव, ११ जून २०२०

प्रिय मामा,

आईला न सांगता लिहितेय, सो प्लीज मला पकडून देऊ नकोस.

तू येणार म्हणून आईने आनंदाने शंकरपाळे केले. तू कधी पोचणार कुणालाच माहीत नाही, त्यामुळे ते आम्हीच संपवले. पण तुला एक सांगायलाच हवं. भिशीचे साठच आले होते. बाकीच्या तीस हजारांसाठी आईने स्कूटी विकली. आता तीन वस्त्या चालत करते. सकाळी सातला जाते, दुपारी दीडला येते, पाय गरम पाण्यात घालून बसते आणि म्हणते की वजन कमी होतंय. बाबांनी विचारलं तर म्हणाली, पेट्रोल महाग झालं होतं.

तू येऊ नकोस असं माझं म्हणणं नाही. ये. फक्त आल्यावर पंधरा दिवसांत पळून जाऊ नकोस. मग ती स्कूटी उगीचच गेली असं होईल.

पत्र वाचून डिलीट कर.
तुझी मयूरा


पॅरामॅटा, १९ जुलै २०२०

ती. ताईस,
नमस्कार, दोन्ही हातांनी.

तिकीट काढलं नाही हे फोनवर सांगितलं तेव्हा तू बरं म्हणून फोन मयूराच्या हातात दिलास. भांडली असतीस तर बरं झालं असतं. म्हणून सगळं नीट लिहितो.

एजंटाला फोन करणार त्या सकाळी मॉरीन किचनमध्ये आली. मी ॲप्रन काढून ठेवला, म्हटलं आता नारळ मिळणार. तिने स्टूल ओढलं आणि म्हणाली, त्या फायनलला क्लबचा चहा तीच करत होती. बॅरी आउट झालेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. पितळी पट्टीही तिनेच करून आणली, कारण बॅरी घरी येताना रस्त्यात भेटेल त्याला शंभर सांगत आला आणि त्याचा आनंद तिला मोडवेना. सहा धावांसाठी चाळीस वर्षं तोंड बंद ठेवलं, म्हणाली, आणि या कुकने एका दमात उघड केलं. मग हसली. ती माझ्यावर चिडली नव्हती. इतक्या वर्षांनी नवरा परत बॅटिंग करताना ऐकला, त्यामुळे तिला आठवडाभर कुणाशी बोलवेना एवढंच. तिने मला पहिल्या बॉलपासून पुन्हा वाचायला लावलं, एकटीसाठी. मी वाचलं. चौऱ्याण्णवला थांबलो नाही, तिला सगळंच हवं होतं.

पट्टी तशीच आहे. टोआने सगळ्यांना दम दिलाय की कुणी काही ऐकलेलं नाही. पण दर शनिवारी रग्बी सुरू व्हायच्या आधी एक तास वाचन होतं. ते आता बंद करू देत नाहीत. मॉरीनने किचन पूर्ण माझ्या हातात दिलंय. गुरुवारी मी रस्सा करतो, लोक घाम पुसत दुसऱ्यांदा मागतात. डेस सकाळी माझ्या खोलीची भिंत ठोकतो, मी उलट ठोकतो, म्हणजे दोघंही जिवंत.

ताई, मी आजवर सगळीकडून पळालो, कारण मी गेल्याने कुठे काही अडलं नाही. इथे अडतं. व्हिसा असेल तोवर मी इथे राहणार आहे. रस्ते उघडले की भेटायला येईन, महिनाभर, आणि तू सांगशील त्या पंक्तीला बसेन. यावर तुला वर्षभर भांडायचं तर भांड, पण फोनवर. पत्रात मला तुझी बाजू बरोबर वाटायला लागते.

खात्यातले नव्वद तसेच आहेत, मी रुपयाही काढला नाही. भिशीतल्या बायकांचं तोंड गोड कर. आणि चालणं थांबव. मला कसं कळलं ते विचारू नकोस, मयूराला तर मुळीच विचारू नकोस, तिचा यात काही संबंध नाही.

तुझ्या मनात जागा ठेव, मी लांब असलो तरी.
तुझा
विश्राम

ता. क. स्कूटी नवीच घे, जुनी बघत बसू नकोस, आणि हेल्मेट घाल. सहा आठवड्यांच्या पगारातले पंधराशे डॉलर आज पाठवलेत. तुझ्या हातात पडतील अठ्ठ्याहत्तर हजार सहाशे रुपये.