मोरीपाशी उगवलेला फणस

घाटनांदूर,
चैत्र उतरतोय, ऊन चढतंय

व्याही विठ्ठलराव यांना त्रिंबकचा हात जोडून रामराम. विहीणबाईंना नमस्कार आणि जावईबापूंना आशीर्वाद सांगावा. धनश्रीला मात्र हे पत्र आल्याचंच सांगू नये, कारण तिला एक कळलं की आमच्या घरात दहा कळतात. तुमच्या डाव्या गुडघ्याचं कसं आहे? मागे म्हणाला होतात की पायऱ्या चढताना तो कुरकुरतो. आमच्या गावात चढायला काही नसल्यामुळे माझे गुडघे अजून गप्प आहेत. इकडे सगळे खुशाल आहेत (दिवसभर भाजून निघालेल्या माणसाला खुशाल म्हणायची पद्धत असेल तर).

घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आमचा फोन कायम स्पीकरवर असतो. या टोकाला आमची जानकीबाई कान देऊन बसलेली, त्या टोकाला धनश्री, आणि मध्ये आपण दोघे व्याही ऊन काय म्हणतंय, पाऊस काय म्हणतोय एवढं विचारून फोन ठेवतो. मला तुम्हाला तुमच्या फणसाची हकीकत सविस्तर कळवायची आहे. हे पत्र फक्त फणसाबद्दल आहे, दुसरं तिसरं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मागच्या वैशाखात लग्न झालं. पोरांनी आपसात ठरवलं आणि आपण अक्षता टाकल्या. आमच्या नर्सबाई धनश्री नोकरीला म्हणून तुमच्या कोकणात गेल्या आणि तुमच्याच घरात राहिल्या. त्यानंतर तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात ते मांडीवर फणस घेऊन, एवढ्या लांबच्या एस.टी.च्या प्रवासात त्याला खाली न ठेवता. तो आमच्या ओसरीवर ठेवला तेव्हा निम्मा गाव बघून गेला. आमच्याकडे फणस म्हणजे चित्रातली गोष्ट. शेजारची बायडाबाई त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, ‘‘दादा, ह्येला बांधून ठिवा, रातीतून चालायला लागंल.’’ तुम्ही जाताना कापण्याआधी हाताला आणि कोयत्याला तेल लावायला सांगितलंत. मी ते पूजेपैकी काहीतरी समजलो आणि चिमूटभर हळदकुंकू वाहून थेट कोयता घातला. पुढे काय झालं ते तुमच्यासारख्या माणसाला सांगायला नको. कोयता फणसाला चिकटला, हात कोयत्याला, आणि तो सोडवायला आलेली जानकीबाई माझ्या हाताला. लग्नात आमचा हात एवढा घट्ट धरला गेला नव्हता. शेवटी बायडाबाईने गोडेतेल ओतून आम्हाला वेगळं केलं आणि मिशीवर हात फिरवू नका म्हणाली, पण तोवर मी फिरवला होता.

गर मात्र अमृतासारखे होते. पण माझं लक्ष गरांवर नव्हतं, बियांवर होतं. विठ्ठलराव, इथे जरा माझ्या तोंडून माझी बढाई ऐका. बी राखावं तर त्रिंबकने, असं या पंचक्रोशीत म्हणतात. जवारीची कणसं निवडून, वाळवून, राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून मी मडक्यात ठेवतो आणि पेरणीच्या वेळी लोक माझ्या दारी येतात. तेव्हा तुमच्या बियांची (तुम्ही आठळ्या म्हणता, मला तेव्हा तो शब्दही ठाऊक नव्हता) मी तशीच बडदास्त ठेवली. धुतल्या, पुसल्या आणि माळवदावर रोहिणीच्या उन्हात घातल्या. खारी येतील म्हणून मी स्वतः छत्री घेऊन राखणीला बसलो. खडखडीत वाळून एकमेकींवर टणाटण वाजायला लागल्या तेव्हा राखेत घोळल्या, पाला घातला, मडक्याचं तोंड शेणाने लिंपलं. मृगाचा पाऊस झाला, ओल झाली, आणि परसात दोरी धरून हातभर अंतरावर एकेक बी टोकलं. फणसाचं झाड केवढं होतं याचा मला अंदाज नव्हता. ते सगळं उगवलं असतं तर आज आम्हाला घर सोडून जावं लागलं असतं.

पण काही उगवलं नाही. मी रोज सकाळी बघायचो. मूग वर आला, तूर वर आली, नको ती हराळीसुद्धा वर आली. शेवटी एक बी उकरून फोडलं तर आत वाळकं खोबरं असावं तसं. भीत भीत धनश्रीला फोन केला आणि तुमचा आवाज मागून आला की अहो, आठळी सुकली की मेली, ती ओली असतानाच मातीत घालायची. मग तिकडे सगळे हसले. तुमच्या हसण्याचं वाईट वाटलं नाही, पण इकडे जानकीबाईही हसली ते जरा लागलं. ज्या कौतुकाने जवारी जगते त्याच कौतुकाने फणस मरतो, हे मला या वयात कोण शिकवणार होतं?

आता पुढचं ऐका. श्रावणात मोरीच्या पाण्याच्या कडेला एक कोंब दिसला. मी तो तण म्हणून उपटायला वाकलो तर जानकीबाई आतून ओरडली. फणस कापला त्या दिवशी तिने सालपटं आणि उरलंसुरलं तिथेच टाकलं होतं आणि त्यातलं एक बी माझ्या नजरेतून सुटून गेलं होतं. म्हणजे ज्या बियांकडे या पंचक्रोशीतल्या जाणकाराने लक्ष दिलं त्या सगळ्या वारल्या आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही ते आलं. फोटो पाठवल्यावर तुम्हीच लिहिलंत, फणसच. त्या दिवशी आमच्या घरात साखरेचा शिरा झाला.

मला वाटलं, मोरीपाशी काय ठेवायचं, चांगली जागा बघून हलवू. परसाच्या कोपऱ्यात गुडघाभर खड्डा घेतला, शेणखत घातलं, आणि खुरपं घेऊन रोपापाशी गेलो. जानकीबाई आडवी आली. म्हणाली, ‘‘एक उपटून लांब लावली, तेवढं बास झालं. ह्ये हितंच ऱ्हाऊ द्या.’’ मी खुरपं खाली ठेवलं. (नंतर तुम्हीही म्हणालात की फणसाचं सोटमूळ दुखवू नये. तुमचं दोघांचं कारण वेगळं, निकाल एकच.) तुम्हाला वाटेल, त्रिंबकराव आता पोरीची आणि रोपाची तुलना करणार. मी नाही करत. पोरीला शेळी खात नाही.

रोपाला खाल्लं. बायडाबाईची मुलं-सुना ऊसतोडीला कारखान्यावर गेली की शेळ्या तिच्या एकटीच्या जिवावर असतात आणि त्या तिला मोजत नाहीत. त्यातल्या हरणी नावाच्या शेळीने दिवाळीनंतर येऊन शेंड्याची पानं खाल्ली. मी भांडायला गेलो. बायडाबाई शांतपणे म्हणाली, ‘‘पाला चवीचा हाय म्हणून खाल्ला दादा. कडू असता तर थुकली असती. तुमच्या इवायाच्या झाडाचं तिनं नावच काढलं की.’’ मी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि ते इतकं चांगलं झालं की पाणी घालायला आत गेलेला मी धोतरासकट अडकून बसलो. हरणी बाहेर उभी राहून माझ्याकडे बघत होती. सुदैवाने रोपाने बाजूने नवा फुटवा काढला. आता ते माझ्या मांडीपर्यंत आलंय. साबणाचं पाणी बाधेल म्हणून मी आंघोळीला डाळीचं पीठ लावतो, आणि उन्हासाठी वर धनश्रीची शाळेतली निळी ओढणी चार काठ्यांना बांधली आहे. ती जानकीबाईने बांधली. मी फक्त काठ्या रोवल्या.

तर असा फणस आहे. सातवा महिना लागल्यावर लेकीला माहेरी आणायची आमच्याकडे रीत, पण तुम्ही फोनवर म्हणालात की एवढ्या लांबचा प्रवास, त्यात बीडचं ऊन, दवाखाना इथे हाकेवर, तेव्हा बाळंतपण इथेच होऊ दे. अगदी बरोबर बोललात. मी लगेच हो म्हणालो. जानकीबाईही म्हणाली, तिकडंच बरं. तेव्हापासून ती नीट जेवत नाही आणि संध्याकाळी मोरीपाशी जाऊन बसते, पण बायकांचा जीव हळवा असतो, चालायचंच. मी तसा शांत आहे. मला विशेष काही वाटत नाही.

विहीणबाईंच्या हातच्या आमसुलांची आठवण निघते. गुडघ्याला जपा. पावसाळ्याआधी घराची कौलं शाकारून घेतलीत का, तेही कळवा. कमीजास्त लिहिलं असेल तर व्याही म्हणून नाही, फणसवाला म्हणून पोटात घाला.

तुमचा,
त्रिंबक

ता. क. रोपाच्या खालच्या दोन पानांवर पिवळे ठिपके आहेत. काळजीचं आहे का?

ता. क. दुसरा. ठिपक्यांचं राहू द्या. विठ्ठलराव, एक मागणं आहे. विहीणबाईंनी आपणहून फोन करून जानकीबाईला बाळंतपणासाठी तुमच्याकडे बोलवावं, जणू त्यांनाच सुचलं असं. मी सुचवलं हे कळता कामा नये. ती स्वतःहून कधी विचारणार नाही, लेकीच्या सासरी आपण होऊन जाऊ नये असं तिच्या आईने तिला शिकवलंय. अडचण एकच आहे. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही हा तिचा नेम. मार्गशीर्षात आम्ही आलो तेव्हा तिने उपास सांगितला तो खरा नव्हता, विहीणबाईंनी एवढे घावणे केले आणि ती आपली बाटली घेऊन ओसरीवर बसून राहिली, ते याचमुळे. विहीणबाईंना वाईट वाटलं, ते मी पाहिलं. बाळ आलं की नेम आपोआप सुटतो, प्रश्न फक्त मधल्या दिवसांचा. त्याची व्यवस्था मी केली आहे. जवारीचं पीठ बरोबर देतो, तिची भाकरी ती थापून घेईल. आणि पाण्याचे मोठे कॅन भरून देतो. बीडचा माणूस ऐन पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात पाणी घेऊन चाललाय हे बघून एस.टी.तले लोक हसतील, तर हसू द्या. पोरीला कळा येतील तेव्हा तिची आई तिच्याजवळ असावी, एवढंच माझं म्हणणं.

(यापुढचं अक्षर वेगळं, मोठं, आणि ओळीखाली घसरलेलं.)

ईनबाईला जानकीचा नमस्कार. ह्यांनी पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं, ते लगेच सुटलं, म्हणून वाचलं. फणसाची हकीकत खरी हाय. बाकी निम्मं खोटं. तिकडंच बरं असं मी मनापासून म्हणले. दवाखाना जवळ हाय, तुमी माया करता, ती माझ्या लेकीच्या आवाजात कळती. त्या राती मी दोन भाकरी खाल्ल्या. जेवले न्हाईत ते हे. संध्याकाळी मोरीपाशी बाज टाकून बसतेत अन रोपाला धनू म्हणतेत. बायडाबाईनं बी ऐकलंय. ती ओढणी बी ह्यांनीच पेटीतून हुडकून काढली, बांधताना मला जवळ येऊ दिलं न्हाई.

पाण्याचं म्हणाल तर मी नेम धरला तो लेकीचं चांगलं व्हावं म्हणून. तिला कळा येत असताना मी तुमच्या ओसरीवर कॅन घेऊन बसले तर तिचं काय चांगलं हुईल. मी तुमच्या विहिरीचंच पाणी पिणार हाय. देवाला समजावून सांगितलंय. त्या वक्ताला तुमचे घावणे तसेच सोडून आले ते लई मनाला लागलंय, तवा एकदा पुन्हा करा.

बोलवायचं तर दोघाला बोलवा. मला एकटीला बोलवलं तर मी येईन, पर हे हितं रोपापाशी बसून त्या आठळ्यांवानी वाळतील. राखणीला बायडाबाई बसते म्हणाली, हरणीला बांधून. कॅन आमी आणतोच, पर रिकामे. येताना त्यात तुमच्याकडच्या आठळ्या भरून आणायच्यात, ओल्या मातीत घालून. ह्यांच्या हातात देणार न्हाई.