बिनलोहाची न्याहारी

प्रिय भुंग्या,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिलंय, पण आत तू भुंग्याच. शेहेचाळीस वर्षांचा झालास, लेकीच्या शाळेच्या सभांना जातोस, तरी माझ्या लेखी तू दप्तर पाठीला लावून गुणगुणत जिना उतरणाराच आहेस. ते नाव दादानं ठेवलं होतं. तुझ्या बापाचा विषय निघाला की तू फोनवर लगेच हवापाण्याकडे वळतोस, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आज फोन न करता लिहितोय. कागदाला विषय बदलता येत नाही.

मागच्या खेपेला तू विचारलंस, काका, सकाळी नीट खाता ना? मी हो म्हणून टाळलं. खरं सांगायचं तर गेले सात महिने माझी सकाळ न्याहारीच्या खोक्यांनी नासवली आहे. माझ्या अंगात लोह साठतंय. लोकांना कमी पडतं, मला उतू जातंय. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की वरून लोह घातलेलं काही खायचं नाही, आणि साखरही काठावर आहे तेव्हा गोडही नको. मला वाटलं, त्यात काय! दातांनी केव्हाच साथ सोडली, त्यामुळे सकाळी दुधात भिजणारं काहीतरी, एवढीच माझी चैन. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात गेलो, तिसऱ्या ओळीत उभा राहिलो, खिशातून भिंग काढलं आणि खोकी वाचायला लागलो. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. बारीक अक्षराला मी भीत नाही. पण बाबा रे, काय सांगू! ज्या खोक्यावर हृदयाचं चित्र, त्याच्या पोटात लोह. ज्याच्यावर हसरी म्हातारा-म्हातारी, त्यात तर दुप्पट. लोह नाही असं एक सापडलं, त्यात साखर इतकी की मुंग्यांनी शेजारणींना बोलावून आणावं. कोंड्याच्या खोक्यावर आनंदानं हात ठेवला, तर तळाशी, घडीत दडलेल्या ओळीत पुन्हा तेच.

दुकानातली पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, सगळे लोह आहे का म्हणून विचारतात, तुम्ही नाही का म्हणून विचारताय. तुमचं काहीतरी उलटंच!" मी म्हटलं, बाई गं, माझं जन्मभर उलटंच आहे. ती हसली. तिला तो विनोद वाटला.

एकदा मात्र सूड घेतला. एका खोक्यातले मक्याचे पोहे चुरून पाण्यात कालवले आणि लोहचुंबक घेऊन ते पाणी ढवळलं. बाहेर काढलं तर चुंबकाला काळी बारीक लव आलेली. अस्सल लोखंडाचा कीस, भुंग्या. कानशीनं घासून पाडावा तसा. तो चुंबक हातात धरून मी स्वयंपाकघरात किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. दूध उतू गेलं. शेवटी सापडले ते साधे चपटे ओट्स, पिवळ्या कागदी पिशवीत, सगळ्यात खालच्या फळीवर, जिथं वाकताना माझ्यासारख्याची कंबर बोलते. वर चित्र नाही, वचन नाही. घटक म्हणून एकच शब्द छापलेला. आयुष्यात इतकं निर्दोष प्रूफ मी पाहिलं नव्हतं. सोबत बिनसाखरेचा कडक चहा घेतो; चहा लोहाला अंगात शिरू देत नाही म्हणे. आणि दर पंधरवड्याला दवाखान्यात जाऊन बाटलीभर रक्त काढून देतो. तिथली परिचारिका म्हणते, "काका, तुमच्याइतका शहाणा पेशंट नाही, हात पुढे करूनच आत येता." मी हात पुढे करतो, कारण तेवढा वेळ मला डोळे मिटता येतात.

डोळे मिटले की हल्ली एकच खोली दिसते. दादानं शाळा सोडली ती माझ्यासाठी. दोघांची फी भरणं घरात झेपत नव्हतं. तो पाट्या रंगवायला लागला. संध्याकाळी तो फळकुटावर अक्षरं काढायचा आणि मी माझ्या पुस्तकातल्या कविता मोठ्यानं म्हणायच्या, असा आमचा करार. गुरुजींनी वर्गात शिकवलेली चाल मी त्याला तशीच्या तशी आणून द्यायचो. यतीवर मी थांबलो की त्याचा कुंचलाही थांबायचा. कविता माझ्या परीक्षेला होती, पाठ मात्र त्याची व्हायची. पुढे मी छापखान्यात गेलो, टेबल मिळालं, पंखा मिळाला. तो शिडीवरच राहिला, पण उन्हात दुकानाची पाटी रंगवताना त्याच्या तोंडी माझ्या पाचवीच्या पुस्तकातली ओळ असायची. मी खालून जाताना ऐकायचो आणि मला, खरं सांगतो, थोडी लाज वाटायची. मोठा माणूस आणि शिडीवर कविता!

पंचेचाळिशीनंतर त्याचा रंग बदलायला लागला, तो तू पाहिला आहेस. करपट, तांबूस काळा. उन्हातलं काम, म्हणून आपण सोडून दिलं. मग बोटांचे सांधे धरले, अक्षरं वेडीवाकडी यायला लागली, दुपारीच येऊन आडवा व्हायचा. एक औषधवाला त्याची पाटी परत घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ घेतात का हो थोडी?" ते वाक्य माझ्या डोक्यात रुतलं. त्यानंतर त्याच्या तोंडाला वास आला, आंबूस गोड, आणि माझी खात्री पटली. तुझी काकू म्हणाली होती, "अहो, भावजी पीत असतील असं मला नाही वाटत." मी तिच्यावर खेकसलो की तुला काय कळतं. तुझी आई जाऊन सहा वर्षं झाली होती. सतरा वर्षांच्या तुला मी हाताला धरून माझ्या घरी आणलं आणि जिन्यातच सांगितलं की दारुड्याच्या घरात तू राहायचं नाहीस. दादा वरून बघत होता. तू त्याच्याकडे वळून पाहिलं नाहीस, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

मी त्याला टाकला नव्हता, असं मी स्वतःला सांगत आलो. दर रविवारी त्याच्या दाराशी न्याहारीचं खोकं ठेवायचो. अशक्त झालाय म्हणून निवडून घ्यायचो, ज्यावर मोठ्या अक्षरांत लोहयुक्त लिहिलेलं असेल ते. दार वाजवायचो नाही. तो गेल्यावर खोली मी आवरली. बाटल्या शोधल्या. सापडल्या त्या टर्पेंटाइनच्या. बाकी माझी खोकी, सगळी रिकामी, आणि त्यांच्या पुठ्ठ्यांतून त्यानं कापलेली अक्षरं, साच्यांसाठी. भावानं आणलंय म्हणून त्यानं कण न कण संपवला होता. दारूची बाटली एकही नाही. त्यावर मी मनात काय म्हणालो असेन? म्हणालो, पक्का आहे, लपवल्या असतील.

आता डॉक्टरीणबाईंचं ऐक. म्हणाल्या, हे लोह साठणं रक्ताच्या नात्यातून येतं; घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, एक भाऊ होता, त्रेपन्नाव्या वर्षी दारूनं गेला. त्यांनी विचारलं, कातडीचा रंग? बोटं दुखायची? साखर? एकेका उत्तराला त्यांचं पेन मंद होत गेलं. मी वासाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन ठेवलंच. म्हणाल्या, साखर हाताबाहेर गेली की श्वासाला तसा वास येतो. मग एकच विचारलं, "त्यांना पिताना कुणी पाहिलं होतं?" मी आठवत बसलो. भुंग्या, मी पाहिलं नव्हतं. तू पाहिलं नव्हतंस. कुणीच पाहिलं नव्हतं. मी वाचलो तोही पुण्याईनं नव्हे. छापखान्यात वर्षातून तीनदा रक्तदान व्हायचं आणि मी फुकटची बिस्किटं नि टाळ्या यांसाठी दर वेळी जायचो. साठलेलं लोह त्यातून वाहून जात होतं. दादाला हेच होतं हे इतक्या वर्षांनी छातीठोक सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. त्यांना येणार नाही. मला येतं.

एक गोष्ट त्यांनाही सांगितली नाही. दादाला शेवटी दवाखान्यात नेला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, किती पिता? तो म्हणाला, थेंबही नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला धाकटा भाऊ. मी म्हटलं, "साहेब, निदान पाच वर्षं." डॉक्टरांनी कागदावर ते लिहिलं आणि पुढे शोधायचं थांबवलं. दादा माझ्यावर ओरडला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, पोराला बोलाव, आणि नाहीच आला तर त्याला एवढं सांग की मी पीत नव्हतो. मी म्हटलं, त्याची परीक्षा आहे. परीक्षा नव्हती. तू तेव्हा शिकायला बाहेरगावी होतास; तुला मी कळवलंच नाही, आणि तो निरोपही सत्तावीस वर्षं माझ्यापाशी पडून आहे. तू मला बापाच्या जागी मानलंस, दर महिन्याला चौकशी केलीस, माझ्या चष्म्याचे नंबर लक्षात ठेवलेस. ते सगळं मी त्याच्या ताटातलं ओढून खाल्लं.

हे लपवूनही मला तुला नुसतं "रक्त तपासून घे" म्हणता आलं असतं. सात महिने तेच घोकत होतो. पण गेल्या महिन्यात सूनबाई फोनवर हसत म्हणाली, की तू उन्हात न जाताही रापलायस, बोटं धरतात म्हणून डबा उघडत नाहीस, दुपारीच पेंगतोस. तू बापाच्या रागानं दारूला शिवत नाहीस, म्हणून तुला वाटतं आपण सुटलो. सोबतच्या चिठ्ठीवर तपासणीचं नाव आहे, डॉक्टरीणबाईंच्या हातचं. या आठवड्यात जा. तिथं विचारतील, वडील कशानं गेले? माझं शिकवलेलं उत्तर तू देशील, ते मान डोलावतील, आणि तुझ्या बाबतीतही शोधायचं थांबेल. ते होऊ नये म्हणून हे सगळं लिहिलं. तू यापुढे माझ्याशी बोलणार नाहीस, हे धरून लिहिलं. नको बोलूस. त्यांना फक्त सांग, माझे वडील पीत नव्हते.

तुझाच म्हणायचा हक्क या पत्रात खर्ची घातलेला,
काका