इसामूंच्या नावाच्या नळ्या

ओनोसावा, नागानो
३ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. मित्सुएस ताईचे अ. उ. आ.

डोंगरावर दंव पडायला लागलं. सफरचंदं भरली आहेत आणि तुझे भावजी दिवसभर शिडीवर असतात. तुमच्या निगाताला समुद्राचा वारा सुटला असेल, पोटाला ऊब ठेव.

यंदा वाडीच्या आरोग्याची पाळी माझ्यावर आली आहे. मीठ मोजायचं यंत्र घेऊन मी घरोघरी जाते आणि लोकांच्या मिसोच्या खारट सुपात बुडवते. हात्सुएआजी तर मला फाटकात पाहिलं की पातेल्यात पाणी ओततात. गेल्या महिन्यात शौचात रक्त आहे का ते तपासायच्या नळ्या वाटल्या. माणशी दोन, दोन दिवसांच्या. चाळिशी ओलांडलेली चौतीस माणसं आहेत वाडीत. तेहतीस जणांनी दिल्या. राहिलं कोण, तर माझाच नवरा. म्हणतात, दुखत नाही, खुपत नाही, मग उकरून कशाला काढायचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सभागृहाच्या फळ्यावर प्रत्येक वाडीचा आकडा लागतो, आणि आमचा आजवर कधी अपुरा लागलेला नाही.

मग मी काय केलं, ऐक. सोमवार-मंगळवारच्या माझ्या नळ्या माझ्या नावाने दिल्या, आणि बुधवार-गुरुवारच्या, त्याही माझ्याच, यांच्या नावाने. चौतीस वर्षं एका पातेल्यातलं खातोय, पोटंही सारखीच असणार. हसू नकोस आणि हे पत्र जाळून टाक.

तुझी तपासणी झाली का, ते मात्र खरं कळव. माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई,
किनुयो


निगाता
९ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र जाळलेलं नाही. भावजींना कधी धाकात ठेवायचं झालं तर उपयोगी पडेल. इतकी हसले की मासळीच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. फळ्यावरच्या आकड्यासाठी नवऱ्याचं पोट बदलणारी बाई जगात तू एकटीच असशील.

माझी तपासणी झालेली नाही. मी टुणटुणीत आहे. आईही असंच म्हणायची, हे तू लिहिण्याआधी मीच लिहून टाकते. एकसष्टीपर्यंत तिचं डोकंसुद्धा दुखलं नव्हतं, आणि मग आतड्याच्या दुखण्याने तीन महिन्यांत गेली. तू आता एकोणसाठची आहेस, ताई. आकड्यांचा एवढा नाद आहे तर हाही लक्षात ठेव.

भावजींना नमस्कार. धाकटीवरचा राग लोभ दोन्ही असू दे.

तुझी,
मित्सुए


ओनोसावा
२ नोव्हेंबर

चि. सौ. मित्सुएस अ. आ.

निकाल आले. माझ्या नावाच्या कागदावर दोष नाही असं लिहिलं आहे. यांच्या नावाच्या कागदावर रक्त आढळलं, पुढची तपासणी करावी, असं आहे.

कागद वाचून हे पांढरेफटक पडले. त्या दिवसापासून दारू बंद, पाल्याचं लोणचं बंद. गावात जाऊन स्वतःच्या अंत्यविधीसाठी फोटो काढून आले. सफरचंदांच्या झाडांवर, छाटायच्या फांद्यांना लाल दोरे बांधून ठेवले, त्यांच्या मागे मला कळावं म्हणून. काल न्याहारीला म्हणाले की तुझं ऐकून मी नळ्या भरायला हव्या होत्या, निदान तू माझ्या नावाने पाठवल्यास हे बरं केलंस. आत काय पाठवलं ते त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, मी त्यांचाच नमुना संडासातून गोळा केला.

रक्त माझं आहे, मित्सुए. ते रोज येत नाही म्हणे, म्हणूनच दोन दिवसांच्या नळ्या घेतात; माझ्या पहिल्या दोन दिवसांत आलं नाही, पुढच्या दोन दिवसांत आलं.

मला काहीच होत नाही गं. भूक लागते, झोप लागत होती, टोपल्या उचलते. काही दुखलं असतं तर बरं झालं असतं. आता संडासात जायचं म्हटलं की आधी दुसरं काहीतरी काम काढते. चौदा तारखेला यांना शहरातल्या इस्पितळात आत नळी घालून तपासणार. ते निर्मळ निघतील, वाडी आनंद करेल, आणि मी तशीच राहीन. सांगायला जाते आणि मिठाचं यंत्र पुसत बसते. सांगितलं की ते खरं होईल असं वाटतं.

भित्र्या ताईला विसरू नकोस.

किनुयो


निगाता
५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते. आईला रक्त दिसत होतं. तिने ते मला सांगितलं होतं आणि तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. मी पाळली. बारा वर्षं ते मनात घेऊन जगते आहे. आता दुसऱ्यांदा गप्प बसणार नाही.

रविवारपर्यंत भावजींना सांग. नाहीतर तुझं पहिलं पत्र माझ्याकडे आहे, ते मी त्यांना पाठवीन. माझ्या नळ्या आज भरून दिल्या.

रागावलीस तरी चालेल, पण राहा.

मित्सुए


ओनोसावा
२० नोव्हेंबर

चि. सौ. मित्सुएस इसामूचे आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे. तुझ्या ताईने नऊ तारखेला, शनिवारी, सगळं सांगितलं. ऐकल्यावर आधी मला हायसं वाटलं. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं आणि तिने पाहिलं. त्याची लाज मरेपर्यंत जाणार नाही.

चौदाच्या माझ्या वेळेला तीच आत गेली. गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, आतापर्यंत ती पसरलेली दिसत नाही, पण कापून बघितल्याशिवाय बोलणार नाही. शस्त्रक्रिया अठ्ठावीसला आहे. मी सभागृहात जाऊन फळ्यावरचे चौतीस पुसले आणि तेहतीस लिहिले. माझ्या नळ्या आता मी स्वतः भरल्या आहेत. झाडांवरचे लाल दोरे काल सोडले, ते मला बघवेनात.

ती रोज पहाटे उठून सूप करते, त्यात यंत्र बुडवते आणि कमी मीठ आलं की मला आकडा दाखवते. मी मान हलवतो. भीती दोघांनाही वाटते, पण सूप संपवतो.

ती म्हणते, मित्सुएला बोलावू नका, दुकान टाकून कशाला येईल, मला काहीच होत नाही.

म्हणूनच लिहितो आहे. ये.

इसामू