मामांची विहीर कुठं आली?

गुरुजी, तुमच्या वर्गात इंग्रजी शब्द नुसता पाठ करून भागत नसे. ‘अंडर’ म्हणायचं तर टेबलाखाली शिरायचं, ‘बिहाइंड’ म्हणायचं तर फळ्यामागं जायचं आणि ‘विथ’ म्हणायचं तर शेजारच्याला खेटून उभं राहायचं. न्हावऱ्याच्या त्या शाळेत माझ्या चड्डीला कायम धूळ असायची आणि आई तुमच्या नावानं बोटं मोडायची. तुम्ही जाऊन कैक वर्षं झाली. मी आता कुरकुंभला एका केमिकल कंपनीच्या हापिसात आहे, सासुरवाडीतच घर केलंय. सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या विहिरीचं पाणी पिवळं पडलंय. गुरं त्यात तोंड घालत नाहीत.

त्याच कंपनीला आणखी एक प्लांट वाढवायचाय, म्हणून परवा जनसुनावणी होती. एरवी गावात अस्सल गावरान बोलणारे आपले पुढारी सुनावणीला आलेल्या, मराठी न कळणाऱ्या बाहेरच्या साहेबांसमोर इंग्रजीत सुरू झाले आणि ते मराठीत सांगायला कंपनीनं मला उभं केलं. “आय अ‍ॅम विथ द फार्मर्स,” ते स्टेजवरून म्हणाले. मी म्हणालो, मी शेतकऱ्यांबरोबर आहे. मग ‘फॉर द पीपल’ झालं, ‘इन द इंटरेस्ट ऑफ द रीजन’ झालं. एवढ्या वेळात पुढारी खुर्चीवरून हललेसुद्धा नाहीत, मधेमधे बाटलीतलं पाणी पीत बसूनच बोलत होते. मला तुमचाच राग आला, गुरुजी. बोलणारा तिथं जाऊन उभा राहतो, असं तुम्ही आम्हाला शिकवलंतच कशाला?

मामा मंडपात उठले. “सायेब, बरोबर हाय म्हंजी कुठं हाय? हिरीवर कवा येताय?”

पुढारी हसले आणि मराठीवर आले. “मामा, मी तुमच्या पाठीशी हाय की!” टाळ्या पडल्या. मामांनी खरंच एकदा मागं वळून पाहिलं आणि खाली बसले.

घरी मामा जेवले नाहीत. म्हणाले, “जावईबापू, येवढं विंग्रजी झालं, त्यात आमची हीर कुठं आली?”

मी आठवून पाहिलं. सगळं भाषण माझ्याच तोंडातून गेलं होतं. “कुठंच नाही आली, मामा.”

पाणीच वापरता येत नाही म्हणून आज सकाळी त्यांनी विहिरीवरची मोटर सोडवली, मी एका बाजूनं धरली. घामेजलेल्या हातानं बोल्ट खिशात टाकत ते म्हणाले, “म्होरल्या सभंला त्या पुढाऱ्याचं नका बोलू. आमचं बोला. त्या भायेरच्या सायबांस्नी कळंल आशा भाषंत.”

मी हो म्हणालो नाही. पगार त्याच कंपनीचा आहे, पोरीची फी त्यातूनच जाते आणि मला भीती वाटते, सरळ भीती वाटते. मामा मोटर झाकायला पोतं शोधू लागले.

हे पत्र धाडायला तुमचा पत्ता उरलेला नाही. आज त्याचं मला बरंच वाटतंय.