ट्रॅप की स्कीट

रविवार, संध्याकाळ. प्रताप नगर.

आज नेमबाजीच्या सरांनी सगळ्यांसमोर झापलं. कारण काय, तर मी स्कीट खेळून पाहिलं! बंदूक हातात धरून तीन महिने झाले, आणि तेवढे सगळे ट्रॅपमध्येच गेले. समोरून मातीची तबकडी उडते, दूर पळते, ती फोडायची. सकाळी आमच्यातल्या जुन्या नेमबाज शुभांगीताईंनी मला स्कीटला नेलं. तिथे तबकड्या दोन्ही बाजूंनी आडव्या येतात. पंचविसांतल्या चारच फुटल्या. पण ती चौथी! नेम तिच्या पुढे धरायचा असतो, हे हातालाच कळलं.

"काहून गेली वं तिकडं?" सर म्हणाले. "नवशिक्यानं एकच धरावं. नाहीतर एक ना धड, भाराभर चिंध्या."

"पण सर, मले काय जमते हे पाहिल्याशिवाय कसं समजन?"

"ते मी पाहून राहिलो ना! पुन्हा गेली तर माझ्याकडं येऊ नको."

आणि मी म्हणाले, "हो सर." धंतोलीतल्या क्लिनिकमध्ये दिवसभर पेशंटना दटावून व्यायाम करायला लावणारी मी!

सरांचं खरंही असेल. नंतर ट्रॅपला माझा नेम पार बिघडला. की बोलणी खाल्ल्यामुळे? पण ती चौथी तबकडी डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ताच सरांना फोन केला. म्हटलं, सध्या दोन्ही शिकणार. त्यांनी फोनच ठेवून दिला. बंदूक खांद्याला लावायला त्यांनीच शिकवलं, म्हणून फार लागलं. पण शब्द मागे घेणार नाही.