चांदभाईचं बोट

१२ जून २०१२
रवी बेंगळुरूहून आला. सुटी म्हणतो, पण लॅपटॉप उघडाच. त्याची कंपनी गोळीबाराचा खेळ काढायलीय. पडद्यावर फक्त आपल्या हातातली बंदूक दिसते, म्हणजे गोळी झाडणारे आपणच. गोष्ट अशी की अठ्ठेचाळीस साली हैदराबाद संस्थान विलीन झालंच नाही. अजून तीच राजवट, आणि आपण बंडखोर. दिवाळीला बाजारात येणार. म्हणालो, इतिहास काय चिंचोक्यांचा डाव आहे? मग तासभर मीच पडद्याला चिकटून. किल्ला आपल्या बसवकल्याणचा. ओळखला.

१५ जून
रवीला माझा आवाज हवाय. खेळातल्या गावांत खांबाखांबावर भोंगे, त्यांतून सरकारी भाषण, दखनी उर्दूत. "अप्पा, नट बघितले. सगळे मिळमिळीत. तुमच्यासारखं पेटत न्हाई कुणी."
म्हणजे शत्रूचं भाषण मी करायचं! ज्या राजवटीविरुद्ध दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या सभेत, बोलतो, तिचं. नाही म्हटलं.
ही म्हणाली, "पोरगं पहिल्यांदा कायतरी मागायलंय. तुमच्यापुढं त्यानं तोंड तरी कवा उघडलं?"
खरं आहे.

१८ जून
चांदभाईच्या साउंड सर्व्हिसमध्ये रेकॉर्डिंग. तीस वर्षं माझ्या सभांना त्याचाच माईक. खजुरी, मादन हिप्परगा, कुठंही. पद्धत ठरलेली. तो अँप्लिफायरपाशी बसतो, माझा आवाज फाटायला लागला की एक बोट वर करतो. मी बघतो, आवाज उतरवतो. सभेला पत्ता नाही.
कागदावर रवीची चार वाक्यं होती. पुढचं मीच जोडत गेलो. दखनी जिभेवर अशी चढली... चांदनं बोट वर केलं. पुन्हा केलं. पाहिलं. उतरलो नाही.
रवीनं मिठी मारली. दहावीच्या निकालानंतर आजच. चांद वायर गुंडाळत होता. चहा मागवला नाही त्यानं.

२१ जून
चांद वाटेत भेटला.
"अण्णा, एक इचारू? त्या खेळात मी कुठं असन?"
"म्हणजे?"
"बंदुकीच्या म्हागं का म्होरं?"
"अरे, माईकवाल्याला कोण मारायलंय!"
हसला. मीही.

२२ जून
रवीला विचारलं, खेळणाऱ्याला शत्रू ओळखू येतो कसा?
"टोपी, दाढी. लांबून कळाय पाहिजे ना, अप्पा."
आणि गावातली साधी माणसं?
"ती गप असतात. भोंगे सुरू झाले की तीही बंदूक काढतात. तुमच्या आवाजावर."
भोंगे कोण चालवतं? त्यानं दाखवलं. टपरीत एक म्हातारा, पांढरी टोपी, पुढ्यात अँप्लिफायर. त्याला उडवला की आवाज बंद, पुढचं गाव उघडतं.
"हा कुठनं आणलास?"
"तुमच्या सभेत मी चांदचाचाच्या मांडीवर बसायचो की. मला दुसरा कोण माहीत? त्यांना दाखवलं रेकॉर्डिंगच्या दिवशीच. हसले."
माया करून सांगत होता. तेच सोसेना.

२६ जून
रवी गेला. बसस्टँडवर म्हणालो, खेळातून माझा आवाज काढून टाक. म्हाताराही.
"कामून? कंपनीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या आवाजाला! आन् म्हातारा काढला तर टप्पाच मोडतो. अप्पा, जन्मभर तुम्ही काय बोलत आलात मग?"
बस सुटली.

५ ऑगस्ट
खेळाची जाहिरात आली. चौकात कॉलेजची पोरं मोबाइलवर बघत होती. माझा आवाज, मग गोळी, मग आवाज बंद. पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक जण पाया पडला, "सर, क्या बोले आप! आग!"
समोर चांदचं दुकान. शटर अर्धं खाली. आत तो होता. पाय दिसले.

१६ सप्टें.
शेवटी गेलो चांदकडे. एक पुस्तकी वाक्य ठरवून गेलो होतो, निघालं भलतंच. "चांदभाई, चुकलं. रवीला ते खेळातनं काढून टाक म्हणालोय. वरच्यांना इचारतो म्हणतोय."
"इचारू द्या की."
"तू काहीच बोलत न्हाईस."
"मी कवा बोललो, अण्णा? बोलणं तुमचं काम." मग, "उद्याला भोंगे दोन लावू का चार?"
"तू म्हणशील तसं."
"न्हाई, तुमीच सांगा."
दोन म्हणालो.

१७ सप्टें.
मैदान भरलेलं. झेंडा झाला. चांद अँप्लिफायरपाशी, जागेवर. सुरुवात हळू केली. मग ती जागा आली जिथं मी दरवर्षी चढतो. चढलो, तिकडं बघितलं. त्याचा हात मांडीवर. अजून चढलो, मुद्दाम. आवाज माझ्याच कानात फाटला, पुढच्या रांगेतल्या बाईनं कान झाकले. हात मांडीवरच.
अर्ध्या वाक्यात थांबलो. सगळं मैदान माझ्याकडे बघायलं, मी चांदकडे, आणि चांद भोंग्याकडे. पुढचा शब्द तोंडात होता. तो किती मोठ्यानं बोलायचा, ते कळेना.