एक पॅन, दोन ड्रायव्हर

३ नोव्हेंबर, सोमवार

सासरेबुवा आले! दोन बॅगा, एक उशी, आणि चेहरा असा की राहायला येऊन आमच्यावरच उपकार करतायत. त्यांच्या घरी बाथरूमचा पाइप फुटलाय. प्लंबर — कानामागे पेन्सिल, तोंडभर हसू — चावी न्यायला इथेच आला. "आठवडाभराचं काम," म्हणाला. आठवडाभर. काढेन.

नवऱ्याची बेकरीत संध्याकाळची पाळी. म्हणजे रात्री जेवायला मी, बाबा आणि आमची नऊ वर्षांची मिरची. बूट घालता घालता नवरा म्हणाला, "बाबांना जरा सांभाळून घे." सांगणाऱ्याचं काय जातं!

४ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवार म्हणजे पास्ता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवायच्या. घरी येईपर्यंत माझ्या नाकी नऊ आलेले असतात. म्हणून एकच पॅन. सॉसेजच्या चकत्या परतायच्या, त्यात कांदा-लसूण, मग टोमॅटो, मग पास्ता कच्चाच, बुडेल इतकं पाणी, झाकण. वरून चीज. घासायला एक भांडं! ह्याहून मोठं सुख मला माहीत नाही.

बाबा शेजारी येऊन उभे राहिले. डाव्या बाजूला. तीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवलंय त्यांनी, शिकाऊ माणसाच्या डाव्या हाताला बसून. सवय जाते का?

"कांदा भाजायच्या आधीच लसूण?" हो बाबा. "पास्ता उकळून नाही घेतलास?" नाही बाबा. "एका गाडीत एवढी माणसं कोंबतात का, सूनबाई?"

मी गॅस जरा मोठा केला — आणि फाट! बाबांचा पाय फरशीवर! मी दचकले, झाकण खाली. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो ब्रेक! माझ्या स्वयंपाकघरात!

मिरची दोनदा घेऊन जेवली. बाबाही. पण तक्रार करत.

५ नोव्हेंबर

आज नुसतं अंडं फोडलं. तरी ब्रेक.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "तुमच्याकडे रोज सातच्या सुमाराला कोण नाचतं हो?"

काय सांगणार? सासरे ब्रेक मारतात? "बाबा व्यायाम करतात," म्हणून ठोकून दिलं.

"ह्या वयात! कौतुक आहे बाई!"

बाबांनी ते आतून ऐकलं. तेव्हापासून छाती काढून फिरतायत.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाबांनी फोन ठेवला आणि जाहीर केलं — प्लंबरने भिंत फोडली, तर आत दुसरा पाइपही कुजलेला. अजून निदान एक आठवडा. "मेला कामचुकार! मला माझ्या घरी कधी एकदा जातो असं झालंय."

मलाही, बाबा! मलाही!

संध्याकाळी ओट्याशी उभी राहून रडले. मिरची म्हणाली, "कांदा फार झोंबतोय का गं आई?" हो म्हटलं. कांदा अजून सोलायचाच होता. मला माझं स्वयंपाकघर परत हवंय. एकटीचं. कुणी डावीकडे नको, उजवीकडे नको. बस्स.

११ नोव्हेंबर, मंगळवार

"सूनबाई, लेन बदललीस." चमचा उलटा फिरवला म्हणून!! उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे किती हाकायच्या! माझं डोकंच फिरलं. चमचा दिला त्यांच्या हातात. "घ्या. आज तुम्ही चालवा." आणि मी डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, हाताची घडी घालून.

हात दाखवून अवलक्षण! सासूबाई होत्या तोवर बाबांना स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही मज्जाव होता, आणि त्या गेल्यापासून डब्यातले मासे आणि पाव. गॅस कसा पेटवतात तेही मिरचीने दाखवलं. पेटवायच्या आधी बाबांनी मागे बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. सॉसेज अख्खीच टाकली. ढवळायच्या आधी हात बाहेर काढून इशारा दिला — फ्रिजला! सगळं नियमाने. पाणी तेवढं घालायचं राहिलं.

धूर. आणि फाट!

माझा पाय होता. माझा!!

मिरची हसता हसता खुर्चीवरून पडली. खालून काकूंचा आवाज आला, "आता दोघं करतात वाटतं!" बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग आम्हीही सुटलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ते अर्धं धुराचं असेल.

जळका पास्ता तिघांनी खाल्ला. तळाचं काळं बाबांनी स्वतःच्या ताटात ओढून घेतलं. "गाडी ज्याने ठोकली त्यानेच निस्तरायचं," म्हणाले.

१२ नोव्हेंबर

बाबांनी स्वतःला नापास केलंय. फेरपरीक्षा पुढच्या मंगळवारी. परीक्षक मिरची.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पास! सॉसेजच्या चकत्या अशा सारख्या की मलाही जमत नाहीत. पाणी आठवणीने घातलं, दोनदा विचारून. मिरचीने कागदाचं लायसन्स करून दिलं. फोटोच्या जागी सॉसेज काढलंय, मिशा लावून. बाबांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं.

तोंडाचा पट्टा मात्र तसाच. "माझं घर एकदा नीट होऊ दे, मग पोटभर जेवेन." हे तिसऱ्यांदा वाढून घेताना!

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुकान बंद करायच्या वेळेला एक बाई आल्या. होत्या नव्हत्या तेवढ्या फ्रेम लावून बघितल्या आणि शेवटी जुनीच बरी म्हणून निघून गेल्या. घरी यायला उशीर. पाय गेले होते अगदी.

जिन्यातच लसणीचा वास. टेबलावर ताट वाढून ठेवलेलं, वर दुसरं ताट झाकलेलं. बाबा म्हणाले, "बस. आधी बूट काढ. नाही — आधी खा." बुटांसकट जेवले. मीठ जास्त झालं होतं. तरी ताट पुसून खाल्लं. लग्न झाल्यापासून कामाच्या दिवशी कुणी माझ्यासाठी ताट वाढून ठेवल्याचं आठवत नाही. फार बरं वाटलं. इतकं, की मिरचीने परत कांद्याबद्दल विचारलं.

भांडं घासता घासता बाबा म्हणाले, "आता स्वयंपाकघराची भिंतही ओली निघालीय म्हणे. ह्या प्लंबरला कुठे नेऊन ठेवावं!"

मी "अरेरे" म्हटलं. ते अरेरे काही नीट जमलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुकानात प्लंबर आला. चष्म्याची काडी तुटलेली. मी म्हटलं, "काय हो, ती भिंत किती दिवस उघडी ठेवणार?" तो बघतच राहिला. "कुठली भिंत, ताई? काम पहिल्या आठवड्यातच संपलं. आजोबा स्वतः येऊन चावी घेऊन गेले की!"

काडी बसवून दिली. काचाही पुसून दिल्या. मग इकडेतिकडे बघून म्हटलं, "आमच्या ह्यांनी विचारलं ना, तर भिंत अजून ओलीच आहे म्हणायचं."